शास्ती माफ होणेबाबत

"पेनल्टी म्हणजे शास्तीच ना?" असं म्हणत अनंतरावांनी महापालिकेची फाईल टेबलावर आपटली. पोह्यांच्या कढईला टेकवलेला मोबाईल त्या दणक्याने उताणा पडला आणि अमेरिकेतल्या क्षितिजला काही वेळ चऱ्होलीच्या घरातला नुसता पंखा दिसत राहिला.

वासंतीबाईंनी मोबाईल उभा केला. लेकाचा चेहरा परत आला, पण चांगला कावलेला.

क्षितिजने मुलीच्या कॉलेजसाठी, ती जन्मल्यापासून, तिकडच्या एका योजनेत पैसे साठवले होते. ती ऋता सुट्टीत आजीआजोबांकडे आली, आजोबांच्या जुन्या शागिर्दाच्या, म्हणजे धनेशच्या, तळवड्यातल्या वर्कशॉपमध्ये सहज डोकावली आणि तिथेच रमली. आता तिला भोसरीत डाय, म्हणजे कारखान्यातले धातूचे साचे, बनवायचं शिकायचं होतं. अमेरिकेतलं कॉलेज नको, म्हणे. सगळा जन्म टूलरूममध्ये घालवलेल्या अनंतरावांना आकाश ठेंगणं झालं. पोटच्या पोराने कधी कानस हातात धरली नव्हती.

अडचण एकच होती. भोसरीची ती संस्था त्या योजनेच्या मान्य कॉलेजांच्या यादीत नव्हती.

"यादीबाहेर पैसे काढले की व्याजावर कर," क्षितिज तिसऱ्यांदा सांगू लागला. "वर दहा टक्के पेनल्टी. शिवाय आमचं राज्य आजवर दिलेली करसवलत परत मागणार."

"मग अर्ज करायचा. आमच्याकडे अनधिकृत बांधकामाला शास्तीकर होता. लोकांनी मोर्चे काढले, झाला माफ. तुमच्याकडे मोर्चे निघत नाहीत का?"

"बाबा, हे कॉलेजचे पैसे आहेत. बांधकाम नाही."

"अनधिकृत ते अनधिकृत. हा बघ, मसुदा तयार आहे. माननीय कर आयुक्त साहेब, विषय, शास्ती माफ होणेबाबत. फक्त तुझ्या राज्याचं नाव घालायचंय."

क्षितिजला हसू आलं, पण टिकलं नाही.

"दोन महिन्यांत कंटाळली तर? पैसे गेले, वर दंड. शहाणा माणूस असला दंड भरेल का? तिला मी नाही म्हणून सांगतो."

स्वयंपाकघराच्या दारात ऋता रिकामी बशी घेऊन उभी होती. ती पुढेही आली नाही आणि मागेही गेली नाही.

"तुमची शास्ती किती माफ झाली ते तरी दाखवा," क्षितिज म्हणाला.

अनंतरावांनी फाईलवर हात ठेवला. "राहू दे."

"दाखवा की आता," वासंतीबाई म्हणाल्या. "कसली माफी! यांनी दरवर्षी भरली, तीही मुदतीच्या आत. माफी झाली ती थकवणाऱ्यांची. भरलेले काही परत मिळत नाहीत. सगळी गल्ली हसली यांना."

"पण का भरलीत, बाबा?"

"वरची खोली परवानगी न घेता बांधली होती. पाडेपर्यंत दरवर्षी भरा, म्हणाले."

"मग पाडायची! राहतं कोण तिथे?"

अनंतराव पावत्यांचे कोपरे जुळवत बसले.

"तीन वर्षांत परत येतो म्हणाला होतास तू," ते म्हणाले.

वासंतीबाईंनी उगाचच कढईवर झाकण ठेवलं. पडद्यावर क्षितिजने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"ऋता आहे का तिथे?"

"हो, बाबा," ऋता दारातूनच म्हणाली.

"वर जा आणि मला ती खोली दाखव. मी आतून कधी पाहिलीच नाहीये ती." त्याने चष्मा लावला. "पलंग मावेल ना तुझा?"

ऋताने बशी ठेवून मोबाईल उचलला आणि जिन्याकडे धावली.

"अगं, थांब, कुलूप आहे!" अनंतराव ओरडले आणि गुडघेदुखी विसरून तिच्या मागे निघाले.