शांतीचा ढिला चाकू

हरण्या बैलाच्या नाकात वेसण रुतली होती, आणि अंगणात तीन पुरुष चाकू वाजवत बसले होते.

शांती गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. ही नायलॉनची बारीक दोरी तिच्या नवऱ्याने, विठूने, हौसेने आणलेली. सुताची वेसण त्याला जुनाट वाटली. ती दोरी मांसात उतरली, नाक सुजलं, वास सुटला. गुरांचा डॉक्टर सोमवारी येणार होता आणि नाकपुडी तोवर तग धरेल असं दिसत नव्हतं. नाक फाटलेला बैल कोणाच्या हाताला येत नाही. मग खाटकाचा दलाल दारात येऊन उभा राहतो. आई मेलेल्या ह्या वासराला शांतीने पेज पाजून वाढवलं होतं, ते दलालासाठी नव्हे.

दोरी कापायची, एवढंच काम. पण मागे वेसण बदलताना विठूने हरण्याच्या डोळ्यांपुढे चाकू नाचवला होता आणि दोरी सोडून नाकालाच चरा पाडला होता. तेव्हापासून उघडं पातं दिसलं की हरण्या शिंगं रोखायचा. मिटलेला चाकू लपवून न्यावा, तर उघडतानाच्या आवाजाला उधळायचा. विठू सगळ्यांना सांगायचा, बैल माजलाय.

आता त्याने शेजारच्या दत्तात्रेयाला आणि वरशा गावाहून पुतण्या जितेशला बोलावून घेतलं होतं. दोघंही आपापले चाकू घेऊन आले, जणू पोरीला स्थळ दाखवायचं होतं.

"हा बघ." विठूने रामपुरी उघडला. कर्र, कट, कट, कट. "असा दणका पायजे. ऐकूनच माणूस बाजूला होतो."

"माणूस व्हय. आपल्याला बैल बाजूला करायचा हाय का?" शांती म्हणाली.

तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. दत्तात्रेयाने आपला चाकू काढला, जावयाने दुबईहून आणलेला. उघडताना खट्ट, मिटताना आतली पट्टी दाबली की टक्. त्याने तो कानाशी धरून पुन्हा पुन्हा वाजवला. ते टक् ऐकताना त्याचे डोळे मिटत होते.

"काका, ते जुनं झालं," जितेश म्हणाला. कंपनीत शिफ्ट करणारा पोर, मोबाईलवरून चाकू मागवलेला. बटण दाबलं. सट्! पातं बाहेर. "काकी, ऐकलंस? एकदम स्मूथ, बटर!"

"बटर पावाला लावतात रे. त्याने नाक बरं होतं व्हय?"

तिघं मोठ्याने हसले. मग उठले, कारण हसून झाल्यावर करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

रामपुरीच्या पहिल्याच कट्‌ला हरण्याने खुंटा हलवला. दुबईच्या खट्टला मागचा पाय झाडला आणि दत्तात्रेय शेणात बसला. जितेशने आपला चाकू टॉवेलात गुंडाळून बटण दाबलं. आवाज दबला, पण हरण्याला पुरला. त्याने मान अशी फेकली की दोरी आणखी आत गेली आणि नाकातून रक्ताची धार लागली.

"बांधून पाडू या," विठू ओरडला. "दोरखंड आण गो!"

"पाडताना हिसका बसला की नाक गेलं. तिघंबी बाहेर व्हा."

"तू काय करणार?"

शांतीने कमरेचा चाकू काढला. पेणच्या बाजारात घेतलेला, लाकडी मुठीचा, अळूचे देठ कापायचा. त्याची खीळ झिजून पातं लोंबायचं. धार मात्र ती पायरीवर घासून राखायची.

"हा?" विठू फिसकन हसला. "ह्याला पातं म्हणायचं का कानातलं डूल? आवाज तरी हाय का ह्याला?"

मिटलेला चाकू मुठीत धरून शांती हरण्याच्या मानेशी गेली, गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवत राहिली. त्याचा श्वास खाली आला तसा लुगड्याच्या निऱ्यांत अंगठ्याने पात्याला ढकललं. पातं घरंगळलं. ना कट, ना खट्ट. हरण्याचा कान तिच्याकडे वळला आणि तसाच राहिला. तिने पातं तळव्याआड धरून टोक दोरीखाली सरकवलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. दोरी तुटली. तिने ती हळूच काढली, पातं निऱ्यांतच मिटवलं आणि हळदीचं तेल मागितलं. आणायला तिघंही एकदम धावले.

संध्याकाळी विठू ओट्यावर दत्तात्रेयाला सांगत होता, "आपण तिघांनी दमवला, म्हणून तो उभा राह्यला."

"तर काय," दत्तात्रेय म्हणाला. त्याच्या धोतराला शेण तसंच होतं.

नाकाची जखम भरत आली तेव्हा विठू पेणला गेला आणि परत आला तो मिरवतच. "तुझा चाकू नीट करून आणला गो! नवी खीळ ठोकून घेतली. दुकानदार म्हणाला, एवढी चांगली धार आन् पातं लुळं ठेवलंय. आता ऐक."

त्याने तो तिच्या कानाशी उघडला. कट्ट!

गोठ्यात हरण्याची साखळी खळकन वाजली.

विठूला ती ऐकूच आली नाही. शाबासकीसाठी तोंड उघडं ठेवून तो बायकोपुढे उभा राहिला. शांतीने चाकू त्याच्या हातातून काढून घेतला, खोबरेल घेऊन मागल्या पायरीवर बसली, गोठ्यापासून लांब, आणि खिळीवर थेंब सोडून पातं उघडू-मिटू लागली. कट्ट. कट्ट.

"आता काय करतेस?"

"सुताची वेसण घालायची हाय त्याला. त्याच्या आधी ह्या चाकूचं तोंड बंद करते."

"आन् एवढे पैशे घातले ते?"

"तुमचं तोंड बंद करायला घातले असते तर कामी आले असते."

विठू पुटपुटत आत गेला. तिने गोठ्याकडे पाहिलं. हरण्याचे कान अजून ताठ होते. शांतीने खिळीवर आणखी एक थेंब सोडला.