कुंपणावर टांगलेला कोट

मी कोट बोलतोय. बाहेरून कातडं, आतून मेंढीची लोकर, गळ्याशी दोन पट्टे. माल अस्सल आहे. हात फिरवून बघा, संकोच करू नका. पाठ अजून नव्यासारखी लागेल, छाती मात्र गुळगुळीत झाली आहे. केस गेलेल्या डोक्यासारखी. पुढून झिजलेला आणि मागून कोरा असा कोट तुम्ही पाहिला नसेल. त्याचं कारण सांगतो. घाई नसेल तर बसा.

मला लढाईसाठी शिवलं. लांबलचक खोलीत बायका ओळीने बसायच्या. त्यांच्या बोटांना कातड्याचा वास लागायचा आणि घरी नवरे नाक मुरडायचे. माझी डावी बाही जिने जोडली, ती दिवसभर सासूची गाऱ्हाणी सांगत होती. टाके एकदम घट्ट पडलेत. राग कामी येतो कधी कधी.

मग मी एका शेतकऱ्याच्या अंगावर चढलो. उंच, हाताला घट्टे, बोलायला कमी. विमानातले सोबती त्याला ‘नांगऱ्या’ म्हणत. त्याला वैमानिक व्हायचं होतं, पण जागा भरलेल्या होत्या. त्याला बॉम्बर विमानाच्या नाकात घातलं. काम असं, की काचेवर पालथं पडायचं, खाली बघायचं, वैमानिकाला दिशा सांगायची आणि वेळ आली की बटण दाबायचं. माझी छाती झिजली ती त्या पालथं पडण्याने.

पहिल्यांदा विमान जमीन सोडून वर गेलं तेव्हा तो हसला होता. आतून हसणं कोटाला कळतं, बरगड्या हलतात. सोबत्यांना तो म्हणाला, “अरे, आमचं शेत एवढंसं असेल इथून. मी उगाच बांधावरून भांडत होतो.” तेवढं एक हसणं माझ्या हिशेबी जमा आहे. पुढे मोहिमा सुरू झाल्या आणि बरगड्या हलायच्या थांबल्या.

वर थंडी इतकी, की बोटं बधिर व्हायची. मी असूनही. माझ्यासारखा माल असूनही म्हणतोय. तो दिशा सांगायचा तीही ठरलेल्या रीतीने. डावीकडे वळायचं असेल तर “डावीकडे, डावीकडे” असं दोनदा आणि उजवीकडे असेल तर एकदाच. इंजिनांच्या गोंगाटात शब्द विरला तरी वैमानिकाला किती वेळा बोलला ते कळावं म्हणून. वैमानिकाला सगळे कप्तान म्हणत. दोघांची जोडी अशी जमली होती, की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडावा.

बॉम्ब सुटले की तो म्हणायचा, “गेले.” आणि त्यानंतरचं काम सगळ्यात वाईट. लगेच वळायचं नाही. पोटातला कॅमेरा फोटो घेईपर्यंत नाकासमोर सरळ जायचं. खालून तोफा चालोत, बाजूचं विमान पेटो, हलायचं नाही. फोटो नसेल तर ती मोहीम धरतच नसत. त्या वेळात कोणी बोलायचं नाही. नांगऱ्या खाली बघत राहायचा, कारण त्याचं तोंडच खाली होतं. आपण सोडलेलं कुठे पडतंय हे सगळ्यांत आधी त्याला दिसायचं. मला काही वाटायचं नाही. सवय होते.

लढाई संपली. तो घरी आला. बायको दारात उभी होती, हात पिठाचे. ती अजून सांगते, “मी इथे वाट बघून वाळले, आणि हे विचारतात काय, तर तांबडी गाय व्याली का.”

गाय व्याली होती. त्या हिवाळ्यात मी वासरावर पांघरूण झालो. मग दूध काढताना, चारा टाकताना, गोठ्याच्या खिळ्यावर. शेत त्याने नीट केलं, कशात कमी नाही. फक्त वरून विमान गेलं, की तो मान खाली घालून कामाला लागायचा. जेवताना बायको काही बोलली तर “हो” म्हणायचा. ती काहीच बोलली नाही तरी मध्येच “हो” म्हणायचा.

मग एक दिवस कप्तान आला. त्याच्याकडे जुनं शिकाऊ विमान होतं, मागेपुढे दोन खुर्च्या, दोन्हीकडे चालवायचा दांडा. पोटाखाली टाकी बसवून तो गावोगाव पिकांवर औषध फवारत फिरायचा. आमच्या बटाट्यावर कीड पडली होती.

“वहिनी, अजून टिकवलाय का याला?” त्याने विचारलं.

“टिकवलाय, पण अर्धाच पोचला हो भाऊजी. उरलेला तुम्ही वरच विसरून आलात. एकदा घेऊन जा आणि शोधून आणा.”

नांगऱ्या म्हणाला, “मला नाही जायचं.”

“अहो, तुम्हाला उडायला आवडायचं.”

“आवडायचं,” तो म्हणाला. “तेच तर.”

बायकोने मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हात घातले. का घातले, ते त्यालाही ठाऊक नसावं.

ती पांढरी चादर घेऊन शेताच्या टोकाला उभी राहिली. फवारणीत असंच करतात, पट्टा कुठे संपतो हे वरून दिसायला हवं. नांगऱ्या पुढच्या खुर्चीत, कप्तान मागे, मध्ये बोलायची नळी. पाच-सहा पट्टे छान झाले. टोकाला पोचलं की कप्तान फवारा बंद करायचा, नाक उचलायचा आणि वळायचा.

“तू गप्प का? सांग की दिशा, पूर्वीसारखी,” कप्तान म्हणाला. गंमत म्हणूनच म्हणाला.

शेवटचा पट्टा होता. नांगऱ्या वाकून खाली बघायला लागला. “डावीकडे, डावीकडे. उजवीकडे. सरळ.” आवाज तोच, जुना, थंड. चादर खालून गेली. टाकी संपली.

“गेले,” तो म्हणाला.

आणि कोणीच वळलं नाही.

झाडाच्या उंचीवरून आम्ही नाकासमोर सरळ चाललो होतो. नांगऱ्याचा श्वास थांबला होता, मला छातीवरून कळत होतं. मागे कप्तानही तसाच. दोघंही कॅमेऱ्याची वाट बघत होते. कॅमेरा त्या विमानात नव्हताच. पुढे शेजाऱ्याचं घर होतं, धुराडं होतं आणि त्यामागे उंच झाडांची रांग.

अंगणात शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने वर बघितलं. तेवढ्या खालून जाताना तिचा चेहरा स्वच्छ दिसला. तोंडात चिमटा होता, तो गळून पडला.

एवढ्या वर्षांत नांगऱ्याला वरून घरं दिसली होती, रस्ते दिसले होते. चेहरा कधी दिसला नव्हता.

“वळव!” तो ओरडला. हा शब्द त्या वेळी बोलायला मनाई असायची. आणि थांबला नाही, गुडघ्यांमधला दांडा त्याने दोन्ही हातांनी पोटाशी ओढला. नाक वर गेलं. चाकं शेंड्यांना घासून गेली.

उतरल्यावर चाकांत डहाळ्या अडकलेल्या होत्या. कप्तान त्या एकेक काढत बसला. बायको चादर ओढत धावत आली.

“वळला का नाहीत? भाऊजी, डोळे मिटले होते का?”

“फोटो व्हायचा होता, वहिनी,” कप्तान म्हणाला.

“कसला मेला फोटो?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग नांगऱ्या कुंपणाच्या खांबाला टेकला आणि तिला सगळं सांगितलं. सरळ जायचं म्हणजे काय, त्या वेळात त्याला खाली काय काय दिसायचं. सलग, आवाज न चढवता, बाजारभाव सांगावा तसा. ती ऐकत होती. तिने त्याचा हात धरला नाही की डोळे पुसले नाहीत. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाली, “आणि मी तुम्हाला गायीवरून बोलत बसले.”

तेवढ्यात शेजारीण आली, ओला सदरा अजून हातात. “कोण होता तो चालवणारा? माझं धुराडं नेत होता घरी?”

“मी होतो,” नांगऱ्या म्हणाला. “माफ करा. आता परत जाणार आहे वर. या वेळी तुमच्या घरावरून नाही.”

“अहो!” बायको म्हणाली.

“दांडा कधी हातात आलाच नव्हता,” तो कप्तानला म्हणाला. “आता आला. तू मागे बसून शिकव. आणि दिशाबिशा विचारू नकोस.”

त्याने माझे पट्टे सोडले. मला काढून कुंपणाच्या खांबावर टांगलं आणि नुसत्या सदऱ्यावर गेला. मला वाटलं, गारठेल. पण मी काय करणार.

विमान वर गेलं, लांब गेलं, मग आमच्याकडे तोंड करून यायला लागलं. विमानाचा आवाज मी जन्मभर आतून ऐकला होता. खालून पहिल्यांदाच. आधी खांब थरथरला, मग मी. शेजारणीने सदरा छातीशी धरला. आवाज वाढत गेला, आणि ज्यांच्यावरून आम्ही इतक्या वेळा गेलो होतो त्यांना काय ऐकू येत असेल, ते मला तेव्हा कळलं. कळून काही वाटलं का, असं विचाराल, तर कातड्याला वाटायला वेळ लागतो.

विमान कुंपणाच्या बरंच अलीकडे वळलं. जरा वेडंवाकडं, नवशिक्याचं.

“हसताहेत का हो ते?” शेजारणीने विचारलं.

“एवढ्या लांबून काय दिसणार,” बायको म्हणाली. पण चादर खाली टाकून ती बघत राहिली.

त्यानंतर तो म्हातारा होईपर्यंत उडत राहिला. मला पुन्हा कधी घातलं नाही. आता तो नाही. लढाईच्या वस्तू जमवणारे लोक घरी येऊन मला बघून गेले. काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतात, खाली पाटी लावणार. लावा. बायकोने पाटीवर काय लिहायचं ते विचारलं, तर म्हणाले, शूर, पराक्रमी वगैरे.

माझी एक विनंती आहे, जमली तर बघा. तसलं लिहू नका. लिहायचंच असेल तर लिहा, की ज्याने हा कोट घातला त्याला उडायला फार आवडायचं, आणि ते त्याने हा कोट काढून ठेवल्यावर केलं.