चोराच्या हाती पाटी

नवसाबाईंचा राग फार काळ टिकत नाही, असं मखमलाबादेत आजवर कुणी म्हटलेलं नाही. एकदा ऐन श्रावणात एका कोंबड्यानं त्यांच्या पोटरीला चोच मारली. बाईंनी श्रावण संपेपर्यंत त्याला रोज दाणे टाकले, लाडानं हाका मारल्या आणि पोळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा रस्सा केला. रस्सा बेताचाच झाला होता, पण बाईंनी दोनदा वाढून घेतला.

अशा बाईला फोनवरून लुटायचं तर आधी गावात चार जणांकडे चौकशी करायला हवी. पण त्या धंद्यात चौकशीची पद्धत नसावी.

झालं ते असं. नवसाबाईंचा झेंडू आणि शेवंती पंचवटीतल्या फुलबाजारात जाते. पहाटे माल टेम्पोत चढला की टेम्पोवाला एक चिठ्ठी देतो. उजाडता उजाडता आडत्याचा मुनीम मोतीराम फोन करतो आणि रामराम न घालता म्हणतो, "नंबर बोला." बाई चिठ्ठीवरचा नंबर वाचतात, मोतीराम तिकडे माल जुळवून घेतो. नवरा गेल्यापासून बाईच हे बघत आल्यात. त्यामुळे सकाळच्या पारी फोनवर पुरुषी आवाजानं नंबर विचारला की तो वाचून दाखवायचा, ही सवय त्यांच्या जिभेतच मुरली होती.

त्या दिवशी फोनवर मोतीराम नव्हता. आवाज गोड होता. तो म्हणाला, मी बँकेच्या मुख्य शाखेचा मॅनेजर, तुमचं कार्ड आज बंद पडतंय, नंबर बोला. बाईंनी कार्डावरचा नंबर वाचला आणि उदारपणे विचारलं, मागं बी बारीक आकडा हाय, तो सांगू का? मॅनेजर म्हणाला, सांगा ना. मग मेसेजमध्ये आणखी एक नंबर आला. मोतीरामच्या मागे कायम बाजाराचा गलका असतो, म्हणून बाईंनी तोही सवयीनं दोनदा, एकेक आकडा सुटा करून, ठासून वाचला. इतकं स्वच्छ गिऱ्हाईक त्या माणसाला जन्मात भेटलं नसेल.

"धन्यवाद माताजी," तो म्हणाला.

शेवंतीच्या नव्या रोपांसाठी साठवलेलं सगळं त्या एका धन्यवादात गेलं.

सून शुभांगी मळ्यातून आली, तिनं मेसेज पाहिले आणि हातातली फुलांची पाटी तिथंच टाकली. तिनं सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, कार्ड बंद केलं, तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला. धावपळ केल्यामुळे काही रक्कम वाटेतच अडवली गेली. ती मिळेल, पण कागद फिरायला वेळ लागेल, असं बँकेत सांगितलं. किती वेळ, असं विचारल्यावर साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

संध्याकाळी मुलगा शेखर ओझरच्या कारखान्यातून घरी आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, आता तू आराम कर."

दोन एकर मळा, एक म्हैस आणि हा स्वतः शेखर, एवढं सगळं ज्या बाईनं एकटीनं सांभाळलं तिला आराम करायला सांगणं म्हणजे काय, हे शेखरला कळत नव्हतं. तो मनानं चांगला होता. चांगल्या मनाच्या माणसांना बरंच काही कळत नाही. फोन शुभांगीकडे गेला. टपालानं नवं कार्ड आलं ते शेखरच्या पाकिटात गेलं. मिश्रीची पुडी आणायची तरी नवसाबाईंना पोराच्या तोंडाकडे बघावं लागू लागलं.

बाईंना दोनच गोष्टी हव्या होत्या. ते कार्ड परत आपल्या कमरेच्या पिशवीत, आणि तो माणूस. आधी कोणती, असं विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माणूस.

शुभांगीनं त्यांना समोर बसवून शिकवलं. बँक कधीही फोन करून कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी विचारत नाही. विचारला की फोन ठेवायचा. शंका आली तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण फोन करायचा. कुणी म्हणालं हे ॲप घ्या, ही लिंक दाबा, तरी घ्यायचं नाही, दाबायची नाही. नवसाबाईंनी सगळं नीट ऐकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आन त्याला गाठायचा कसा?"

शुभांगी म्हणाली, आत्या, ते त्यात नसतं.

भादवा अर्धा सरला होता. शुभांगी धुणं धूत होती, फोन ओट्यावर चार्जिंगला होता, तो वाजला. नवसाबाईंचे हात बाजरीच्या पिठात होते. त्यांनी करंगळीनं फोन उचलला.

"नमस्कार माताजी. तुमचे गेलेले पैसे सापडलेत. परत मिळवायला फक्त एक छोटं ॲप घ्यायचंय."

तोच आवाज. चोर त्याच घरी दुसऱ्यांदा आला, म्हणजे त्याला घर आवडलं होतं. नवसाबाई पाटावर टेकल्या. कोंबड्याला दाणे टाकताना त्यांचा जो आवाज असायचा, तो त्यांनी काढला.

त्या म्हणाल्या, बाळा, बरं झालं तुझा फोन आला. माझा आता त्या बँकेवर विश्वास नाय. रस्त्यात जमीन गेली तिचे पैसे मी काढून आणले आन बाजरीच्या कणगीत घातले. पोराला ठाव नाय. उंदराच्या भ्यानं झोप लागत नाय बघ. तुझ्यासारख्या भल्या माणसानं कुठं तरी नीट ठेवून दिले तर मी मोकळी होईन.

रस्त्यात बाईंची वीतभरही जमीन गेली नव्हती. कणगीत फक्त बाजरी होती.  पलीकडून तो लगेच म्हणाला की वयस्कर मातांसाठी बँकेत एक खास तिजोरी असते. आमचा माणूस घरी येऊन रक्कम घेऊन जाईल.

"माणूस नको. तू ये. मला तुझाच आवाज वळखीचा हाय. परक्याच्या हातात मी लक्ष्मी देत नाय."

तो म्हणाला, मी फार व्यस्त असतो. बाई म्हणाल्या, बरं, मग राहू दे, उंदीर तरी खातील. त्यानं घाईघाईनं सांगितलं, येतो, येतो.

पण बाई लगेच बोलवीनात. दसऱ्याची तोडणी लागल्याशिवाय घरातली माणसं मळ्यात जात नायत आन घर मोकळं होत नाय, असं त्यांनी सांगितलं. तोवर तू रोज पहाटे फोन कर, म्हणजे तू विसरला नाहीस हे मला कळेल. त्यानं कबूल केलं, आणि बैलाच्या मानेवर जू बसलं.

फोन रात्रभर ओट्यावर चार्जिंगला असे. बाई त्याच्याजवळ अंथरूण टाकू लागल्या आणि रोज पहाटे चोर त्यांना उठवू लागला. त्याच्या फोनवर बाई उठत, बाईंच्या हाकेवर तोडणीच्या बाया उठत. एकदा त्याला उशीर झाला तर बाईंनी त्याला असा फैलावर घेतला की त्यानं माफी मागितली. कधी फोन चालू ठेवून त्या म्हशीला शिव्या घालत आणि मध्येच विचारत, ऐकतोय ना? तो म्हणे, हो माताजी. म्हैस मुळात गरीब होती. त्यातल्या बऱ्याचशा शिव्या तिच्यासाठी नव्हत्याच.

मग बाईंनी त्याला मोतीरामचा नंबर दिला. कालच्या शेवंतीचा भाव कमी लावलाय, तू मॅनेजर माणूस, जरा बोल त्याच्याशी. कणगीच्या आशेनं चोर मोतीरामशी इतका भांडला की त्या आठवड्यात शेवंतीला खरोखरच बरा भाव मिळाला. मोतीरामनं शुभांगीला विचारलं, हा कोण नवा माणूस ठेवलाय तुम्ही? तिखट आहे. सांभाळा त्याला.

असं शुभांगीला कळलं. तिनं कपाळावर हात मारला, मग पदर खोचला आणि सासूला घेऊन सायबर पोलीस ठाणं गाठलं. तिथं हवालदार हिरामण होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. ते म्हणाले की लोक आमच्याकडे पैसे गेल्यावर येतात. जायच्या आधी आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय, हे लिहू कशात? पण साहेबांना विचारून ते तयार झाले. एकच अट घातली. चोरानं आपल्या तोंडानं पैसे मागितले पाहिजेत आणि ते मागणं हिरामणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे.

शेखरला काही सांगितलं नाही. त्यानं खांद्यावर हात ठेवला असता.

बाईंनी चोराला दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मळ्यात बोलावलं. त्या सकाळी मळा पिवळाजर्द झाला होता. हिरामण आणि त्यांचे दोन शिपाई साध्या कपड्यांत, डोक्याला पंचे गुंडाळून सरीत दबा धरून बसायला आले. नवसाबाई म्हणाल्या, माझ्या मळ्यात आजच्या दिवशी मोकळ्या हातानं कुणी बसत नाय. तिघांना पाट्या दिल्या. त्यातल्या एका शिपायाचा हात चांगला चालत होता. बाईंनी त्याला दिवाळीलाही बोलावून ठेवलं.

तो भाड्याच्या गाडीतून आला. पंचविशीचा, पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र. बांधावर येऊन म्हणाला, "नमस्कार माताजी," आणि शंकाच उरली नाही.

नवसाबाई जोंधळ्याच्या ताटासारख्या ताठ उभ्या होत्या. इतक्या दिवसांचा राग समोर दोन पायांवर उभा होता, घामेजलेला. त्या म्हणाल्या, "बूट काढ. देवाची फुलं हायेत. बांधाच्या आत पायताण चालत नाय."

त्यांच्या मळ्यात ही रीत जुनीच. शेजारीपाजारी, व्यापारी, सगळे बांधावर चपला काढतात. त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि विचारलं, जायचं का घरी? बाईंनी सांगितलं, घराची किल्ली सुनेकडं, सून त्या टोकाला, आन माल निघाल्याशिवाय ती मळा सोडणार नाय. तू हात लावलास तर लवकर निघंल. आणि त्याच्या हातात पाटी दिली.

त्यानं झेंडू तोडला. वाईट तोडला. बाई त्याच्यामागून चालत राहिल्या. देठ आखूड ठेव. कळी सोड. वाकून बघ, वाकलं म्हणजे कंबर मोडत नाय. ऊन चढलं. त्याची बोटं हिरवी झाली, मग काळी. त्यानं दोनदा पाणी मागितलं. बाईंनी दोन्ही वेळा सांगितलं, ही सरी झाली की देते. पलीकडच्या सरीतून हिरामण डोळ्यांनी विचारत होते, धरू का? बाई डोळ्यांनीच सांगत होत्या, तो बोलला कुठं अजून. आणि अजून एक क्रेट भरायचंय.

तेवढ्यात रात्रपाळी संपवून शेखर मळ्यात आला. सरीत तीन अनोळखी गडी आणि एक ओळखपत्रवाला, सगळे झेंडू तोडताहेत. त्यानं बायकोला विचारलं, हे कोण? शुभांगी म्हणाली, तिघं पोलीस, चौथा चोर, तुम्ही ती कडेची सरी घ्या. शेखरनं मार खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि पाटी उचलली.

अखेर चोराचा धीर सुटला. त्यानं पाटी आपटली.

"माताजी, बास झालं. कणगीतले पैसे द्या, मला जायचंय."

शेजारच्या सरीतला गडी उठून उभा राहिला आणि त्यानं खिशातून बेड्या काढल्या. चोर पळाला. रस्त्याकडे शिपाई होते, म्हणून तो शेजारच्या पडीक रानात घुसला. त्या रानात दोन वर्षं नांगर फिरला नव्हता. सगळे सराटे. चार ढांगा त्यानं धावून टाकल्या, पुढच्या दोन नाचून, आणि मग तो मटकन खाली बसून तळपायातले काटे काढू लागला. हिरामण शांतपणे बांधावरून आपल्या चपला घालून त्याच्यापर्यंत चालत गेले.

त्याला धरून आणलं तेव्हा त्याचं 'माताजी' गळून पडलं होतं.

"मावशी, सोडायला सांगा यांना. मलाही आई आहे हो."

मळ्यात सगळे थांबले. तोडणीच्या बायांनी पदराला हात घातले. आता बाईंना दया येणार, असं प्रत्येकाला वाटलं. बाईंनी त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तिचं बँकेचं कार्ड कुणाकडं असतं? तिच्याकडं का तुझ्याकडं?"

 खोटं बोलायची त्याची सवय होती, पण या प्रश्नासाठी त्याच्याजवळ काही तयार नव्हतं.

"माझ्याकडं," तो म्हणाला.

"न्या ह्याला," नवसाबाई म्हणाल्या.

दया आली नव्हती. हिरामण त्याला गाडीकडे नेऊ लागले तेव्हा बाईंनी मागून हाक मारली. चोर आशेनं वळला. बाईंनी त्याच्या पाटीतला, कळ्यांसकट तोडलेला झेंडू त्याला दाखवला आणि म्हणाल्या, तुझ्यानं एवढं बी धड होत नाय. मग त्यांनी तोंड फिरवलं.

कडेच्या सरीत शेखर उभा होता. त्याची मान खाली होती आणि हात मागच्या खिशाकडे गेला होता. त्यानं पाकीट उघडलं, कार्ड काढलं आणि फुलांचा हिरवा डाग लागू नये म्हणून आधी बोटं सदऱ्याला पुसली.

"आई, चिडलीस का?"

"तुझा नंबर नंतर," बाई म्हणाल्या आणि कार्ड कमरेच्या पिशवीत घातलं.

दुपारी माल बाजाराला लावून त्या एटीएमवर गेल्या. नवा पिन करायचा होता. शेखर सोबत आला, आत यायला लागला. बाईंनी त्याला दारातच थांबवलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. तो राहिला. मग खुर्चीतल्या राखणदारालाही सांगितलं. तोही उठून शेखरच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. नवसाबाईंनी उजवा हात यंत्रावर ठेवला, डाव्या हातानं त्यावर पदर ओढला आणि आतल्या आत, ओठही न हलवता, एकेक आकडा दाबला.