रुख्मिणीच्या घरी बसायला

सुप्रिया सासूशी, हौसाबाईशी, खोटं बोलली ती सासूच्याच पायासाठी. पण दिवस सरले तसं तिला ते जड जायला लागलं.

हौसाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं. झीज आतल्या बाजूचीच होती, म्हणून डॉक्टरांनी सांध्याचा तेवढाच भाग बदलला आणि सांधा धरून ठेवणारे बंध तसेच राहू दिले. पाय डगमगणार नाही, पहिल्यासारखा वळेल, पण व्यायाम टाळला तर आखडेल, असं त्यांनी बजावलं.

म्हातारीला घरी आणलं आणि त्याच आठवड्यात आसेगावची रुख्मिणी वारली. मंगरूळपीरच्या बाजारात दोघी जन्मभर शेजारी-शेजारी भाजी विकायला बसल्या. एकीचं गिऱ्हाईक दुसरीनं पळवायचं, त्यावरून यथेच्छ भांडायचं आणि दुपारी एकाच डब्यातलं खायचं. हौसाबाईनं गुडघा कापून घेतला तो पुन्हा तिच्याजवळ खाली बसता यावं म्हणूनच.

"आता सांगशीन तं माय अंथरूण धरते. पाय वाकू दे, मंग सांगू," असं पवन बायकोला म्हणाला आणि पठ्ठ्या वांग्याच्या वावरात निघून गेला. शेजारणींनाही त्यानं गप्प केलं. रोज तोंड द्यायला उरली सुप्रिया.

बाजाराला आता तीच जायची. सकाळी टाच मागं ओढता ओढता हौसाबाई दात-ओठ खायची आणि विचारायची, "रुख्मिणी काय म्हणे वं?"

"कवा येता म्हणे."

मग म्हातारी आणखी जोर लावायची. मेलेल्या बाईच्या नावानं आपण हिचा पाय वाकवतो, या विचारानं सुप्रियाला स्वतःचीच किळस यायची.

एका सकाळी सुप्रिया भाजी निवडत होती. हौसाबाई आली, भिंतीला हात न लावता सरळ खाली बसली आणि मांडी घातली.

"पाह्य," ती हसली. "उद्या बाजार हाय न? मीच येतो."

सुप्रियाला हुंदका आवरला नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

हौसाबाईनं विचारलं, "तिच्या घरी बसायले कोण गेलं आपल्याकून?"

"मी गेली होती, आत्याबाई."

"अन् मी इथं पाय वाकवत होती." ती उठली. "चाल, मले नेऊन दे."

"आता इतक्या दिवसानं कोण जाते?"

"मी जातो."

आसेगावात रुख्मिणीची सून सोयाबीन वाळत घालत होती. तिनं लगबगीनं खुर्ची आणली. हौसाबाईनं ती बाजूला सारली, ओसरीत जमिनीवर बसली आणि हंबरडा फोडला. सून गोंधळून उभी राहिली. त्या घरातलं रडणं केव्हाच आटोपलं होतं. हौसाबाईला एकटीलाच रडावं लागलं, आणि ते आपल्यामुळे, हे सुप्रियाला कळत होतं.