पाचवं बोट

देवस्थानच्या अध्यक्षांनी मंदिराचा इतिहास लिहिलेला कागद दगडी पाट्या कोरणाऱ्या पाटीवालीच्या पुढ्यात टाकला. दगडावर अक्षरं कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून नाइलाजाने ते तिच्याकडे आले होते. कागद वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'देवी स्वयंभू आहे. अध्यक्षांच्या वडिलांना ती विहिरीत सापडली. डाव्या पायाचं पाचवं बोट विहिरीतच राहिलं. ते ज्याला सापडेल, गाभाऱ्याच्या किल्ल्या त्याच्या.'

स्वयंभू म्हणे! ती मूर्ती पाटीवालीच्या आईने मागच्या पडवीत अकरा महिने खपून घडवली होती. शेवटच्या आठवड्यात छिन्नी सटकली आणि करंगळी उडाली. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, म्हणून आईने दुसरा दगड मागितला. अध्यक्षांचे वडील म्हणाले, "राहू दे, बघतो मी." त्यांनी मूर्ती नेली, गुपचूप विहिरीत सोडली आणि आठ दिवसांनी वाजतगाजत वर काढली. आई खरं सांगायला गेली, तर तिचं ऐकूनही न घेता तिला वेडी ठरवून तिच्यासाठी देवळाचं दार कायमचं बंद केलं. पुढे तीस वर्षं, मरेपर्यंत, ती रस्त्यापलीकडच्या दिव्याच्या खांबाला टेकून आपल्याच हातची देवी बघत राहिली. लेकीने त्यातला एक दिवसही माफ केला नव्हता.

"किल्ल्यांचं वाक्य ठेवायचं ना?" तिने विचारलं. "दगडावरचं मागे घेता येत नाही, साहेब."

"ठेवा की! त्या वाक्यापायीच लोक विहिरीत डोकावायला येतात." अध्यक्ष हसले. "चांगलं खोल कोरा."

तिने इतकं खोल कोरलं, की अक्षरात करंगळी जावी.

अनावरणाला मांडव माणसांनी भरला होता. अध्यक्षांनी खणखणीत आवाजात पाटी वाचली, शेवटचं वाक्य तर दोनदा. टाळ्या थांबल्यावर पाटीवाली उठली. पदराची गाठ सोडून तिने चिंचोक्याएवढा काळा दगड पुजाऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"लावून बघा, काका."

पुजारी आत गेला. बाहेर येऊन तो मांडवाकडे वळला. "बसलं," तो म्हणाला. "केसाचीही फट नाही. आणि नखावर छिन्नीच्या रेघा आहेत."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे... कुठे सापडलं हे?"

"आईच्या सुईदोऱ्याच्या डबीत. तिनेच घडवलंय ते. बाकीची देवीसुद्धा."

मागून कुणीतरी पाटीवरचं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. मग सगळा मांडवच ते वाचू लागला. अध्यक्षांनी कमरेच्या किल्ल्या सोडून तिच्यापुढे धरल्या.

"मला दर्शन तरी..." ते पुटपुटले.

"घ्या की," किल्ल्या मुठीत आवळत ती म्हणाली. "रस्त्यापलीकडे खांब आहे. तिथून छान दिसते, असं आई सांगायची."