गोठलेल्या तळ्यावरचा मांजा

गेल्या संक्रांतीला पुण्याच्या शंतनुनं उल्हासचे सात पतंग कापले होते, तेही तीनशे माणसांसमोर. कॅनडातल्या मार्कहॅमपासून तासाभरावरच्या गोठलेल्या तळ्यावर दर जानेवारीत विंटर फेस्टिव्हल भरतो आणि त्यात मराठी मंडळाला पतंगांसाठी एक कोपरा मिळतो. बाकी सगळे ते विसरले. पण उल्हास पडला नागपूरचा. पतंगात हरलेला नागपूरकर जेवतो खरा, पण वर्षभर अन्न अंगी लागत नाही.

म्हणून यंदा त्यानं नागपूरहून काचेचा मांजा आणला, बायकोच्या पैठणीत गुंडाळून. मंडळाची सक्त ताकीद होती, फक्त साधा दोरा, कारण शेजारूनच स्केटिंगची वाट जाते. त्या ईमेलला या गृहस्थानं अंगठ्याची खूण पाठवून मोकळं होणं पसंत केलं होतं.

मांजा बोटं कापतो आणि ग्लोव्हज घालून पकड येईना. त्यानं नऊ वर्षांच्या लेकीकडे, जाईकडे, तिच्या गळ्यातला लाल मफलर मागितला.

"आई सेड कीप इट ऑन."

"दहा मिनिटं दे ना बेटा. स्केटिंग करून तुला गरमच होऊन राहिलं."

तिनं मफलर काढून दिला आणि ती गेली. उल्हासनं तो उजव्या मुठीला गुंडाळला आणि वरून मांज्याचे चार वेढे घेतले.

पहिल्याच घिशीत, दोऱ्याला दोरा घासताच, शंतनुचा पतंग कापला गेला. "ओ काट!" उल्हास बेंबीच्या देठापासून ओरडला. शंतनु तावातावानं आला, त्यानं उल्हासचा दोरा धरला आणि हात झटकला. त्याचा ग्लोव्ह चिरला होता.

"अहो, हा काचेचा आहे! इथे मुलं स्केट करतायत, अक्कल आहे का?"

"हरला तर रडून राहिला का बे?"

"चीटर आहात तुम्ही. थांबा, कमिटीलाच सांगतो." तो तिळगुळाच्या टेबलाकडे वळला.

उल्हासनं त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि नाकावर ठोसा हाणला. शंतनु उताणा पडला, डोकं बर्फावर आपटलं. उल्हास त्याच्या छातीवर बसला. दुसरा ठोसा दातांवर बसला, ओठ फाटला, बर्फावर रक्त उडालं. खरं सांगायचं तर उल्हासला बरं वाटत होतं. वर्षभराचं सगळं एकदाचं निघत होतं.

वर पतंगाकडे कोण बघणार? तो गोते खात, बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या एका झोपडीच्या छपरावर अडकला. झोपडी स्केटिंगच्या वाटेपलीकडे, उल्हासची मूठ अलीकडे, आणि मधे वाटेवरून आडवा मांजा. पांढऱ्यावर पांढरा, कुणाला दिसायचा नाही.

"बाबा! स्टॉप इट!"

जाई जीव खाऊन स्केट करत येत होती. उल्हासला ते ऐकू आलं. पण तिसऱ्या ठोशासाठी त्यानं हात मागे खेचला होता, आणि त्या खेचण्यानं मांजा ताणला गेला.

तिचा आवाज मधेच तुटला. त्यानं मान वळवली तर ती गुडघ्यांवर होती आणि निळं जॅकेट पुढून लाल होत होतं. तो उठायला गेला. खालून शंतनुनं दोन्ही हातांनी त्याची मूठ पकडली.

"हलू नको! दोरा तिच्या गळ्यात आहे! मूठ पुढे कर. आणखी. आता तशीच ठेव."

शंतनु त्याच्या खालून सरकून निघाला आणि दोऱ्याच्या कडेनं रांगत गेला. त्यानं मांज्याखाली स्वतःची बोटं घातली, तो तिच्या गळ्यातून सोडवला आणि जखमेवर तळवा दाबून धरला. कुणाची बोटं, कुणाचा गळा, रक्त एकच झालं होतं. उल्हास तिथेच मूठ पुढे करून बसला. लेक चार हात अंतरावर होती आणि त्याला हलायची चोरी होती.

ॲम्ब्युलन्स आली. श्वासनलिका वाचली होती. टाके पडतील, पण ती जगेल, असं पॅरामेडिक म्हणाला. जाईनं शंतनुची बाही सोडली नाही. तिळगुळाच्या टेबलाकडून धावत आलेली जाईची आई उल्का स्ट्रेचरवर वाकली.

"गळा उघडा कसा? सकाळी मी मफलर बांधला होता. कुठेय तो?"

उल्हासनं मूठ वर केली. मांज्यानं मफलर मुठीवर घट्ट आवळला होता, सुटत नव्हता.

"मी घेतला," तो म्हणाला.

"कशाला?"

"माझी बोटं कापू नयेत म्हणून."