कुजायची दोरी

मी शेवंडं पकडायचा पिंजरा बोलतोय. जन्मभर माझं तोंड उघडंच होतं, पण बोलायला सुचलं ते सगळं होऊन गेल्यावर.

कॅरिबियन समुद्रातल्या सेबा बेटावर एल्ड्रिज नावाच्या कोळ्याने मला आपल्या ओसरीत बनवलं. सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, शिरायला निमुळतं तोंड आणि बाजूला छोटं दार. हे दार सुती दोरीनेच बांधायचं, असा इथला नियम. पिंजरा हरवलाच, तर दोरी कुजते, दार पडतं आणि आतला जीव सुटतो. पण एकदा भरला पिंजरा ओढताना असंच दार उघडलं आणि शेवंडं एल्ड्रिजच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. तेव्हापासून तो वर दाखवण्यापुरती सुती दोरी गुंडाळायचा आणि खाली नायलॉनची गाठ मारायचा. दुहेरी, शेवटी उलटा पीळ. त्याच्या हातची गाठ सुटत नाही, असं धक्क्यावर सगळे म्हणत. मलाही तिचा केवढा तोरा होता!

मग एका जहाजाच्या पंख्याने माझी जागा दाखवत वर तरंगणाऱ्या बोयाचा दोर कापला. एल्ड्रिजने शिव्या हासडल्या, थोडं शोधलं आणि नवा पिंजरा करायला घेतला. मी तळाशी राहिलो. सुती दोरी कुजली. नायलॉन कुठला कुजतोय?

आतलं शेवंड उपाशी मेलं. त्याच्या वासाने हेकरू मासा आला, तोही मेला. मग पोपटमासे आले. मेलेला प्रत्येक जण पुढच्याचं आमिष झाला. मी काही केलं नाही, नुसता बसून होतो, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण बसून राहणं हेच तर माझं काम होतं.

एल्ड्रिजची मुलगी रोझेल सागरी उद्यानासाठी पाण्यात उतरून मासे मोजते. आकडे दरवर्षी उतरत होते आणि तिला कारण कळत नव्हतं. घरी बाप टोमणे मारायचा, की तुमच्या बुडबुड्यांनीच मासे पळतात.

एके दिवशी ती माझ्यापर्यंत पोहोचली. आत मुशीचं पिल्लू होतं, कल्ले जेमतेम हलत होते. तिने सुरी काढली आणि गाठ बघून तिचा हात थांबला. तीच गाठ लहानपणी बापाने तिला मांडीवर बसवून शिकवली होती. गाठ कापून टाकली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. तिने बाजूची जाळी कापली, पिल्लाला बाहेर काढलं आणि मला गाठीसकट वर नेलं.

धक्क्यावर चारचौघांत तिने मला बापापुढे ठेवलं.

"बाबा, ही गाठ कोणाची?"

एल्ड्रिजने गाठीवरून अंगठा फिरवला. "सुती दोरी कुजते गं."

"कुजावी म्हणूनच बांधतात ती."

"मला उद्यानाच्या कार्यालयात सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग," तो म्हणाला. "नाहीतर तुझं गप्प राहणं, तीही माझीच गाठ होईल."

त्याचा परवाना गेला. आता तो ओसरीत बसून इतरांच्या पिंजऱ्यांची दारं सुती दोरीने बांधून देतो. माझ्याकडे मात्र पाहत नाही. मी परसात पडलो आहे. माझं दार काढून टाकलंय आणि आत कोंबडी अंडी घालते. तिला वाटेल तेव्हा ती येते, वाटेल तेव्हा जाते.

तरीही ती आत शिरली, की बाहेर पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.